गाडी उजवीकडून, सायकल डावीकडून

"काका, उजवीकडे! उजवीकडे घ्या!"

मी ओरडत होते आणि देशपांडेकाका अगदी शांतपणे डाव्या बाजूने माझ्या अंगावर सायकल घालत होते. शेवटच्या क्षणी मीच हँडल वळवलं आणि गवतात जाऊन पडले. काका थांबले, मागे वळून म्हणाले, "अगं, तू राँग साइडने का येत होतीस?"

टेक्सासमधल्या शुगर लँड गावातल्या एका शाळेचं हे रिकामं पार्किंग. सकाळची वेळ, तरी ह्यूस्टनच्या दमट हवेने अंगाला शर्ट चिकटलेला. मी टूर मॅनेजर आहे. टूर मॅनेजर म्हणजे गाइड नव्हे. गाइड इतिहास सांगतो. मी लोकांची औषधं, गुडघे आणि रुसवेफुगवे सांभाळते. आमची कंपनी छोटी, गिऱ्हाइकं बहुतेक रिटायर झालेले मराठी डॉक्टर आणि इंजिनिअर.

या वेळची टूर होती आठ जणांची, सायकलवरची, बेल्जियमच्या फ्लेमिश म्हणजे डच बोलणाऱ्या भागातली. ब्रूजजवळ डामे नावाचं एक चिमुकलं जुनं गाव आहे, तिथे मुक्काम. एक देखणा दगडी टाउन हॉल, अर्धवट पडलेलं चर्च आणि त्याचा चढून जाण्यासारखा टॉवर, एक जुनी पवनचक्की. गाव दुपारपर्यंत पाहून होतं. खरी मजा गावाबाहेर. सरळसोट कालवा, दोन्ही काठांना पॉप्लरची उंच झाडं, समुद्रावरच्या वाऱ्याने सगळी एकाच बाजूला कललेली. जमीन सपाट, चढ नाही. सायकलच्या वाटा जिथे एकमेकींना मिळतात तिथे नंबराची पाटी असते. कुठले नंबर घ्यायचे ते ठरवायचं आणि पाट्या बघत जायचं.

ही टूर मी एका व्यक्तीला डोळ्यांसमोर ठेवून आखली होती, हे आधीच कबूल करते. नलिनीकाकू. रिटायर झालेल्या भूलतज्ज्ञ, मूळच्या नागपूरच्या. दोन्ही गुडघे कामातून गेलेले. थोडं चाललं की चेहरा पांढरा पडतो. आमच्याबरोबर आधी दोनदा आल्या आणि दोन्ही वेळा बाकीचे फिरायला गेले की या बसमध्ये बसून राहिल्या. अर्धा युरोप त्यांनी पार्किंगमधून पाहिला. सायकलवर मात्र अंगाचं ओझं सीटवर पडतं, गुडघ्यांवर नाही. घरी त्या व्यायामाची सायकल रोज चालवतात आणि त्यांच्या डॉक्टरांचीही हरकत नव्हती.

तर अडचण ही. सायकल सगळ्यांना येत होती. तोल उत्तम, ब्रेक वेळेवर. पण समोरून कोणी आलं की आठच्या आठ जण डावीकडे! गेली तीस-चाळीस वर्षं हे लोक अमेरिकेत उजव्या बाजूने गाडी चालवताहेत, एकदाही चूक नाही. पण सायकल चालवली होती ती पुण्यात, नागपुरात, सांगलीत. तीही कॉलेजात असताना. सायकलवर बसलं की हात तिथलेच होत होते. आणि त्या कालव्याच्या काठी रेसिंग सायकलवाल्यांचे थवे सुसाट येतात. तिथे डावीकडे वळणं म्हणजे सरळ हॉस्पिटल.

सोमवारी मालकाने बोलावलं. अजय माझ्याहून लहान आहे, पण कंपनी त्याची.

"सायकलिंग कॅन्सल कर," तो म्हणाला. "कोणी पडलं तर लायबिलिटी आपली यार. सगळ्यांना कालव्यातल्या बोटीत बसव. बाकी वेळ चालतील."

"आणि नलिनीकाकू?"

"त्यांना कालव्याकाठी बाकावर बसव ना. व्ह्यू छान आहे म्हणालीस."

माझं डोकंच फिरलं. "अजय, त्या बसायला येत नाहीत. बसायला त्यांच्याकडे घरी सोफा आहे."

"मग समोर मोठी पेटी असलेली ती सायकल असते ना? त्यात बसव, तू चालव."

हे मी काकूंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "मी काय कोथिंबिरीची जुडी आहे का?"

शेवटी अजयकडून एवढंच कबूल करून घेतलं की पुढच्या शनिवारी त्याने स्वतः येऊन बघावं. एक जण जरी डावीकडे गेला, तर सायकलिंग बंद.

मी कामाला लागले. आधी भाषण दिलं. भाषणानंतर सगळे नीट उजवीकडून गेले, आणि गप्पा सुरू झाल्या की परत डावीकडे. मग हँडलवर लाल टेपचा बाण चिकटवला. देशपांडेकाका बाणाकडे बघत बघत दिव्याच्या खांबावर गेले. खांबाला काही झालं नाही, काकांच्या कोपराला खरचटलं. त्यांच्या मिसेस म्हणाल्या, "बोटच बरी."

मी वैतागून जमिनीवर बसले. नलिनीकाकू सायकल धरून शेजारी उभ्या होत्या.

"वृषाली, मी गाडीत का चुकत नाही, सांगू?" त्या म्हणाल्या. "गाडीत रस्त्याची मधली रेघ माझ्या डाव्या हाताला असते. डावीकडे आरसा असतो. त्यावरून कळतं की आपण अमेरिकेत आहोत. सायकलवर यातलं काहीच नाही. मग डोकं आपलं नागपुरात सीताबर्डीला जाऊन पोचतं."

आयुष्यभर ऑपरेशन टेबलाशी बसून माणसाचं शरीर काय करतं ते बघत आलेली बाई ती. मी त्याच दिवशी सायकलचे आरसे मागवले आणि प्रत्येक हँडलच्या डाव्या टोकाला लावले. पार्किंगमध्ये पिवळ्या खडूने मधली रेघ ओढली. म्हटलं, आता सायकल विसरा. तुम्ही तुमची गाडी चालवताय. देशपांडेकाकांनी सीट बेल्ट कुठे आहे म्हणून विचारलं.

तरी लगेच जमलं नाही. रोज सकाळी यायचं ठरलं आणि सगळे रोज आले. मी कधी समोरून यायची, कधी झाडाआडून अचानक, कधी मुद्दाम घंटा वाजवत. दोन-तीन दिवसांनी रेघ पुसली. हात उजवीकडेच राहिले.

मधेच काकूंच्या मुलाचा, निखिलचा, डॅलसहून फोन. मी स्पीकरवर टाकला.

"वृषालीताई, प्लीज टेक मॉम ऑफ द बायकिंग थिंग. शी इज सेव्हन्टी-टू."

काकू पुढे झाल्या. "निखिल, तू गाडी शिकत होतास तेव्हा तुझ्या शेजारी कोण बसलं होतं?"

"यू, मॉम. अँड यू स्क्रीम्ड द होल टाइम."

"ओरडले. उतरले नाही."

मग, "ओके. वेअर अ हेल्मेट."

शनिवारी अजय आला. हाताची घडी घालून मधोमध उभा राहिला आणि एकेकाच्या समोर अचानक उडी मारायला लागला. आठही जण उजवीकडून गेले. देशपांडेकाका जाता जाता त्याला म्हणाले, "अहो, रस्त्यात काय उभे राहता?" अजय मला म्हणाला, "ठीक आहे. पण काही झालं तर तू बघ." मी बघायलाच जात होते.

डामेत पहिल्या दिवशी टाउन हॉल झाला. बाकीचे चर्चच्या टॉवरवर चढले, काकू खाली बसून राहिल्या. वर पोचलेल्यांचे फोटो काढत राहिल्या. मला मात्र ते बघवत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सायकली भाड्याने घेतल्या, सोबत आणलेले आरसे लावले आणि कालव्याच्या काठाने निघालो. काकू सगळ्यांत पुढे, मी त्यांच्या मागे. वारा अंगावर, मेंढ्या, पांढरी शेतघरं. आणि मग समोरून ओरडा आला. रेसिंगवाल्यांचा मोठा थवा, माना खाली, अख्खा रस्ता व्यापून. काकूंचं हँडल थरथरलं. ओरडायचं नाही, असं मी स्वतःला बजावलं होतं. ओरडलं की माणूस दचकतो. काकू उजवीकडे सरकल्या, आणखी सरकल्या, अगदी गवताच्या कडेला. थवा डावीकडून सूं करत निघून गेला. मागचे सगळे उजवीकडेच होते. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी ते वाऱ्यावर ढकललं.

दुपारी सगळे दमले. बाकीच्यांना सावकाश गावाकडे परत नेऊन बोटीत बसवायचं ठरलं. काकू म्हणाल्या, "मी अजून थोडं पुढे जाऊन येते." आमच्याबरोबरची स्थानिक गाइड मरीआन त्यांच्याबरोबर निघाली. मी अडवलं नाही.

संध्याकाळी अजयचा फोन आला.

"सगळे सेफ?"

"सेफ. सात जण आत्ताच बोटीतून उतरले."

"आणि नलिनीकाकू? बाकावर?"

"नाही. त्या नेदरलँड्समध्ये आहेत."

"काय?"

"कालवा तिकडे जातो. बॉर्डर कुठे लागली तेही कळलं नाही म्हणाल्या. तिथे कॉफी घेताहेत. अंधाराआधी येतील."

आता मी कुठल्याही टूरच्या आधी कोणाला 'हे येतं का' म्हणून विचारत नाही. येतंच सगळ्यांना. शेवटचं कुठे केलं होतं, ते विचारते. आणि आपण कुठून परत फिरायचं हे ज्याचं त्याला ठरवू देते.