मी शोधलेली गरम झर

विश्वास ठेवायचा तर कोणावर ठेवाल, सांगा बघू? डॉक्टरवर, झरीवर धुणं धुणाऱ्या मावशीवर, की स्वतःच्या हातावर? मी हातावर ठेवला. आणि ऐका तर, त्या हाताने पेडण्याच्या अर्ध्या बाजारासमोर माझं काय केलं ते!

माझा धंदा काजूबियांचा. पोत्यात हात घातला की बी ओली की सुकी, डोळे मिटून सांगतो. शाळा चौथीपर्यंत, पण हात पदवीधर!

गोवा घटक राज्य झालं त्या वर्षीची थंडी. म्हापशाच्या डॉक्टरांनी माझं पोट दोन बोटांनी दाबून बघितलं आणि म्हणाले, "शेट, पोहायला लागा. पण थंड पाण्यात धाडकन उडी नको. अंग हळूहळू भिजवा."

थंड पाण्याशी माझं जन्माचं वैर. तरी एका पहाटे कुडकुडत गावच्या झरीवर गेलो. बघतो तर काय? तळीवर वाफ! हात घातला. कोमट! आत उतरलो तर कोणी अंग शेकतंय असं वाटलं.

सावित्रीमावशी काठावर धुणं आपटत होती. म्हणाली, "शेटा, झर गरम नाय. वारो थंड आसा."

"मावशे, तू कपडे धू!" मी म्हटलं. बियांवर हात ठेवून घर बांधलेला माणूस मी. मला ही शिकवणार?

नवं राज्य, जो तो काहीतरी नवं काढत होता. मी गरम झर काढली!

सकाळी चहाच्या हॉटेलात सांगितलं तेव्हा पाणी कोमट होतं. दुपारपर्यंत गरम झालं. संध्याकाळी एकाने विचारलं, "शेट, अंडी उकडतील?"

"मऊ हवी असतील तर उकडतील," मी म्हटलं.

इथवर थांबलो असतो तर! पण मुळगावला माझे सासरे. मी त्यांना मामा म्हणतो. गुडघे इतके धरलेले की पाटावरून उठायला दोन माणसं लागत. माझ्याबद्दल त्यांचं एकच मत, "जावई बोलतो पायलीभर, तोलतो शेरभर." ते कोकणात गरम पाण्याच्या कुंडावर जायला निघालेले. मी निरोप धाडला, 'एवढ्या लांब कशाला? आमच्याकडे या.' मामा बरे झाले की माझी पत वाढणार, हा सगळा डाव!

बायको म्हणाली, "आयकलंत? आधी परत एकदा पाणी बघून तरी या."

"एकदा घातलेला हात पुरे!" काजूचा हंगाम लागला होता, पोहणं आठ दिवसांतच बंद पडलेलं.

मामा आले ते भर चैत्रात, भर दुपारी. टॅक्सीतून उतरले, हातात काठी, बरोबर आठ दिवसांचे कपडे. मागोमाग अर्धा बाजार. मामांनी झरीच्या पायरीवर बसून एक पाऊल पाण्यात टाकलं.

"आवय गे!" पाऊल बाहेर. "जावयबापू, ही गरम?"

माझी सगळी अब्रू त्या एका पावलावर! मी शर्टासकट धाडकन उडी मारली. "बघा मामा, ग..." श्वास असा वर अडकला की पुढचं पोटातच राहिलं.

मावशी पिळा झटकत म्हणाली, "शेटा, झर वर्सभर तशीच आसता. पहाटे वारो तिच्यापरस थंड, म्हणून ती गरम लागता. आता भायर तापलां, म्हणून थंड."

"शेट, अंडी आणूं?" मागून कोणीतरी ओरडलं. हसण्याने तळीवर लाटा उठल्या म्हणा ना!

मामा हसले नाहीत. तापलेल्या रस्त्याकडे बघितलं, पाण्याकडे बघितलं. "आणलात ना हंय? आता धरा माका."

धरले. एकेक पायरी, गुडघा, कंबर, छाती. प्रत्येक पायरीला मला एकेक शिवी. गळ्यापर्यंत आल्यावर शिव्या थांबल्या. इतक्यात त्यांनी माझा हात सोडला आणि पाय मारायला लागले.

"जावयबापू," ते हळूच म्हणाले, "माझे गुडघे खंय गेले?"

डॉक्टरांनी नंतर सांगितलं, पाणी अंगाचा भार उचलतं, म्हणून गुडघे सुटले. वर म्हणाले, "झर खरंच गरम असती तर दोन फेऱ्यांतच गळून पडला असता. पोहायला हेच पाणी चांगलं."

आठ दिवसांसाठी आलेले मामा पाऊस लागेपर्यंत राहिले. माझी खाट, माझ्या ताटातलं बांगड्याचं डोकं, सगळं त्यांचं. रोज जेवून माझा डोळा लागला की चटईशेजारी काठी वाजे, "उठा, तुमची गरम झर वाट बघता!" आणि पाण्यात आधी उतरवत ते मलाच. "वाईच तापवा," म्हणत.

आता हे तुम्ही चारचौघांत सांगणार, मला ठाऊक आहे. सांगा. फक्त हिशेब खरा ठेवा. मामांच्या फेऱ्या रोज वीस, माझ्या सात. कोणी आठ म्हणालं तर खोडून टाका. आठव्या फेरीला मामाच मला बगलेत धरून काठाला आणत.