फक्त माणसांसाठी

परदेशात मी ज्या विद्यापीठात रिसेप्शनवर बसायचे ते खाजगी, बॅप्टिस्ट पंथाच्या ख्रिस्ती लोकांचं. शहर एवढंसं, की बस चुकली तर चालत घरी जावं. नोकरीला तीन आठवडे झाले होते, अजून ट्रायलवर होते. पण तोरा असा, की कुलगुरूंना जणू मीच नेमलंय.

एके दिवशी बोर्डावर कागद लागला: रविवारी अकराला चॅपलमध्ये इमर्शन, सर्वांचं स्वागत. मुंबईच्या इंग्रजी पेपरांत जन्मभर ‘गणेश इमर्शन’ वाचलेली मी. इमर्शन म्हणजे विसर्जन! आमचा शाडूचा गणपती पाच दिवसांचा, आणि रविवार नेमका पाचवा. केवढी मोठ्या मनाची माणसं, म्हणून माझे डोळेसुद्धा भरून आले.

यांनी एकदाच हटकलं, “अगं, कुणाला विचारलंस का?”

“अहो, मी काम करते तिथे.”

झालं. रविवारी पैठणी नेसून, पाटावर बाप्पा घेऊन मी चॅपलच्या दारात. मागे हे, हातात नारळ. आत जमिनीतल्या हौदात कुलगुरू, जे तिथले पाद्रीही होते, कमरेइतक्या पाण्यात उभे, आणि पांढऱ्या झग्यातल्या एका विद्यार्थिनीला आडवी करून अख्खी बुडवत होते. इमर्शन म्हणजे हे, इथे बाप्तिस्मा असा देतात, हे मला तेव्हा समजलं. नोकरी गेली, हेही समजलं.

प्रार्थना संपल्यावर कुलगुरू ओल्या केसांनी बाहेर आले. मी अडखळत सगळं सांगितलं. ते बाप्पाकडे बघत राहिले.

“यांनी काही पाप केलंय?”

“छे, यांनी कशाला करायचं?”

“मग यांना आमच्या हौदाची गरज नाही.”

त्यांनीच किचनमधून मोठी बादली आणली. चॅपलमागच्या गुलाबांपाशी विसर्जन झालं. नारळ त्यांनी धरला होता. निघताना मात्र म्हणाले, उद्या नऊला माझ्याकडे या.

सोमवारी मी राजीनाम्याची वाक्यं पाठ करूनच गेले. त्यांनी बोर्डावरचा तोच कागद पुढे सरकवला: पुन्हा कुणाचा घोटाळा होऊ नये, असं काहीतरी लिहा. मी खाली एक ओळ घातली: फक्त माणसांसाठी. ते खुर्चीत मागे रेलून हसले आणि सही केली. पुढे एकवीस वर्षं मी रिसेप्शनच्या त्याच खुर्चीवर काढली.

परवा नात प्रवेशाआधी विद्यापीठ बघायला तिथे ओपन डेला गेली होती. तिने बोर्डाचा फोटो पाठवला आणि विचारलं, “आजी, हे असं का लिहिलंय?”

माझी ओळ खोडायची अजून कुणाची टाप झालेली नाही.