अकरा नंबरचा ट्रे

तळेऱ्याच्या अलीकडे जो काजूचा कारखाना आहे, तिथे सुगंधाकाकीचं नाव कुणालाही विचारा. बावीस वर्षं प्रतवारीच्या टेबलाशी बसलेली बाई. अख्खा गर, पाकळी, तुकडा, डागी, सगळं गप्पा मारता मारता बोटांनी वेगळं करायची. नवरा अंथरुणाला खिळला तेव्हा याच बोटांनी तिने घर ओढलं. पण टेबलावर तिला मान होता तो हुशारीमुळे नव्हे, तिच्या मनामुळे.

त्या टेबलाचा एक रिवाज होता. ट्रे पुढे सरकवण्याआधी शेजारणीच्या ट्रेवर नजर टाकायची, चुकलेलं हळूच काढायचं आणि त्याबद्दल चकार शब्द बोलायचा नाही. सुगंधाच्या शेजारी शेवंती बसायची. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर तिला फिकट डाग दिसेनासे झाले होते. चार वर्षं सुगंधा तिच्या ट्रेमधले डागी गर उचलत होती. दोघींनाही ते ठाऊक होतं, विषय संपला.

मग कॅमेऱ्याचं मशीन आलं. त्याला शिकवायला आलेला इंजिनियर ओमकार म्हणाला, "काकी, तुम्ही निवडा, ते बघून शिकेल. तुमच्यासारखी नजर मी कुठे पाहिली नाही." झालं, बाई चढली हरभऱ्याच्या झाडावर.

पंधरा दिवसांत मशीन बऱ्यापैकी शिकलं. शेवटी परीक्षा म्हणून, सुगंधा मशीनपाशी असताना बाकीच्या बायकांनी निवडलेले ट्रे नंबरासकट पुढे ठेवले. आधी मशीन बघणार, मग काकी. अकरा नंबर शेवंतीचा. मशीनने त्यात चारच डागी दाखवले. ओमकार हसला, "आता हे तुम्हाला हरवणार, काकी."

"थांब रे," सुगंधा म्हणाली आणि एकेक करत तिने सतरा गर काढून त्याच्यापुढे मांडले. सगळे फिकट डागाचे. पडद्यावर अकरा नंबरासमोर सतराचा आकडा उमटला, तेव्हा कुठे तिला उमगलं, आपण कुणाच्या चुका मोजून दिल्या ते. हा ट्रे सोड रे बाबा, असं सांगायला तिने तोंडही उघडलं होतं. पण ओमकार कारखान्याच्या शेठना बोलावून तिचं कौतुक सांगायला लागला आणि ती ऐकत राहिली. खोटं कशाला बोला, ऐकायला गोड लागत होतं. पुढे तिला सगळ्यात जास्त लाज वाटली ती याचीच.

महिन्याने यादी लागली. चौदाजणींतल्या पाच राहिल्या. सुगंधाला मशीनवर देखरेख आणि बसायला खुर्ची मिळाली. शेवंतीचं नाव यादीत नव्हतं.

जायच्या दिवशी शेवंती आपली बसायची उशी घेऊन आली. "ही घे गो, खुर्ची टोचतली तुका." मग खाली बघत म्हणाली, "शेठ सांगी होते, मशिनीन माझ्या सतरा चुका काढल्यान. मशिनीक काय म्हायत, कोणाचे डोळे कसे ते? तू बाजूक आसतंस तर सांभाळून घेतलं असतंस. इतकी वर्सां घेतलंस ना?"

सुगंधाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बोलायचं तर आत्ताच, हे तिला कळत होतं.

"मशिनीक मन नसता गो," एवढंच तिच्या तोंडून निघालं आणि तिला रडू कोसळलं.

शेवंतीला वाटलं, आपल्यासाठीच रडते आहे. तिने आपल्या पदराने सुगंधाचे डोळे पुसले आणि पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "गप गो. त्यात तुझो काय दोष?"