पाटावर बसण्याइतकं वजन

आमच्या स्वयंपाकघरातल्या कपाटाचं दार उघडलं की आतल्या बाजूला चिकटपट्टीचे चार पिवळे डाग दिसतात. घर दोनदा रंगवलं, कपाटाला हात लावू दिला नाही. त्या चार डागांच्या मध्ये एके काळी एक तक्ता होता, एका इंग्रजी साप्ताहिकातून कापलेला: कोणत्या पदार्थात किती कॅलरी. तो लावला तेव्हा मी बत्तीस वर्षांचा होतो, वजन एक्क्याण्णव किलो होतं आणि धाकट्या बहिणीचं लग्न तई महिन्यात, म्हणजे पोंगल झाल्यावर, ठरलं होतं.

तक्त्याचा आणि लग्नाचा संबंध सांगायचा तर आधी रीत सांगायला हवी. इकडच्या लग्नात नवरी बापाच्या मांडीवर बसते आणि ती तशी बसलेली असतानाच नवरा मंगळसूत्र बांधतो. आमची मराठी घरं तंजावुरात येऊन इतक्या पिढ्या झाल्या की ही रीत आमच्यात कधी आली ते कोणाला सांगता येत नाही. आमच्या घरात ती होती. वडील जाऊन दोन वर्षं झाली होती, म्हणून त्यांच्या जागी मी, बायकोला शेजारी घेऊन, पाटावर बसायचं होतं.

अडचण माझ्या उजव्या गुडघ्याची होती. मी ओरत्तनाडूच्या सरकारी कचेरीत हिशेबाच्या टेबलावर होतो. आदल्या पावसाळ्यात तिथं बसमधून उतरताना पाय घसरून त्या गुडघ्यावर आपटलो. चालता येत होतं, पण मांडी घालून बसता येत नव्हतं. घरात सगळे खाली पानावर जेवत आणि मी एकटा स्टुलावर, मांडीवर ताट घेऊन. डॉक्टरांनी फोटो उजेडात धरून पाहिला आणि म्हणाले, "हाड ठीक आहे. वरचा बोजा जास्त आहे. दहा किलो उतरवा, मांडी घालता येईल."

ही बातमी तिरुचीला मोठ्या काकांपर्यंत पोचली. वडिलांचे थोरले भाऊ. घराच्या वाटणीवरून बिनसल्यापासून ते आमच्याकडं आले नव्हते, वडिलांच्या आजारपणातही नाही. त्यांनी निरोप पाठवला: त्याला जमत नसेल तर मी आहे बसायला. थोरलेपणानं तो त्यांचा हक्कच होता, कोणी नाही म्हणू शकलं नसतं. बहीण मात्र स्वयंपाकघरातून म्हणाली, "काका बसले तर मी उभीच राहीन. नवऱ्याला म्हणावं, स्टूल घे आणि चढ."

"गप बस," आई म्हणाली.

"उभी राहते म्हणतेय मी, तू गप बस म्हणतेस." मग माझ्याकडं वळून, आता न हसता, "अण्णा, तूच बसायचं. मज दुसरं कोणी नको."

(आमच्या घरातलं मराठी पुण्याच्या माणसाला अर्धं जुनं आणि अर्धं तमिळ वाटेल. इथं लिहिताना मी ते बरंचसं सरळ केलं आहे. 'मज', 'तुज' तेवढे ठेवले.)

म्हणून तक्ता. ते दिवस नव्या नव्या गोष्टींचे होते. गच्चीवरून केबल आली होती, राजवाड्याजवळच्या साध्या वाणसामानाच्या दुकानातही रंगीत डबे रांगेनं बसले होते आणि साप्ताहिकांत बारीक कसं व्हावं यावर लेख येत होते. मला त्या लेखांतली एक गोष्ट फार पटली. शरीर म्हणजे जमा आणि खर्च. जमा कमी करा, शिल्लक उतरेल. माझ्या धंद्यातली भाषा होती ती. रोज पंधराशेच्या आत राहायचं मी ठरवलं. रोजच्या कॅलेंडरचं पान फाडलं की त्याच्या मागं मी दिवसाची बेरीज मांडत असे. आधी पान फाडायचं काम वडील करत, पण ते पानामागं त्या दिवशी आलेल्या पाहुण्यांची नावं लिहीत.

वजन करायला मी तांदळाच्या मंडीत जायचो. स्टेशनवरच्या यंत्रावर माझा विश्वास नव्हता, दोन नाणी टाकली की दोन आकडे यायचे. मंडीतला पोती तोलायचा काटा सरकारी शिक्क्याचा होता. तिथलं पोतं पंच्याहत्तर किलोचं. पहिल्या दिवशी मंडीवाला काट्याकडं बघून म्हणाला, "साहेब, एक पोतं आणि वर एक नातू."

अडचण अशी आली की आमच्या घरात जे शिजत होतं त्यातलं फारच थोडं तक्त्यात होतं. ब्रेड होता, बिस्किटं होती, उकडलेला बटाटा होता, सफरचंद होतं, मक्याच्या पोह्यांचा नाश्ता होता. आमचं सार नव्हतं, केळफुलाची भाजी नव्हती, कढी नव्हती. मी आईला विचारायचो.

"डाळ किती घातलीस?"

"हातात आली तेवढी."

"हातात किती येते?"

"हात बघ की."

चुकीचा आकडा लिहिण्यापेक्षा न लिहिलेला बरा, हे मी कचेरीत शिकलो होतो. म्हणून जे मोजता येत नव्हतं ते मी खाणं सोडत गेलो आणि ज्याचा आकडा होता ते खात गेलो. सकाळी ब्रेडचे चार तुकडे, डब्यात ब्रेड, चार वाजता क्रीमची बिस्किटं मोजून, चहात साखरेऐवजी गोळी. फक्त दोन्ही वेळा एकेक वाटी भात आणि वरण तेवढं ठेवलं, कारण भात आणि शिजलेली डाळ तक्त्यात होती. बेरीज पंधराशेच्या आत बसायची. मी मात्र अकरा वाजल्यापासून भुकेला असायचो. कचेरीत बसून चार वाजायची वाट बघायचो. शेजारच्या टेबलावरचा गृहस्थ डबा उघडायचा तेव्हा मी काम काढून बाहेर जायचो. पहिल्या महिन्यात तीन किलो उतरले. दुसऱ्या महिन्यात काही नाही. दिवाळी झाल्यावर एक किलो परत चढला. मंडीवाला म्हणाला, "नातू खातोय बरं."

मी सगळी पानं काढून बेरजा तपासल्या. एकही चुकली नव्हती. आता वाटतं, चूक सापडली असती तर बरं वाटलं असतं.

त्यानंतरच्या रविवारी दुपारी मी स्टुलावर बसून वाटीनं भात मोजून घेतला. त्यावर वरण घेतलं. आई मागून आली आणि पळीभर तूप सोडून पुढं गेली, जन्मभर सोडत आली तशी. का कोण जाणे, त्या दिवशी मला ते दिसलं.

"आई, हे काय?"

"काय?"

"तूप."

"अन्नशुद्धी ती."

"ती मोजायला नको?"

"अन्नशुद्धी कोणी मोजतं का रे?" आई खरोखर चकित झाली होती. "ते काय जेवण आहे? जेवण त्याच्यानंतर सुरू होतं."

मी बायकोकडं पाहिलं. "मज काय विचारता? तुमच्या तक्त्यात आहे तेवढं मी धरते. तुम्हीच तसं सांगितलंत."

"दिवसातून किती वेळा होतं हे?"

उत्तर बहिणीनं दिलं. "वरणभात कालवायच्या आधी एकदा, अर्धा संपला की परत एकदा. रात्री परत दोनदा. आणि तू ब्रेड खायला लागल्यापासून आईला दया येते, ती मोठी पळी घेते."

तक्त्यात तूप नव्हतं, लोणी होतं. लोण्यावरून मी अंदाज काढला. दिवसाकाठी जवळजवळ एक आख्खं जेवण मी न लिहिता जेवत होतो. आईला दोष देता येत नव्हता. इतके महिने ते तूप माझ्या डोळ्यांसमोर पडत होतं आणि मलाही ते खाणं वाटलं नव्हतं. आमच्यातल्या कोणालाच वाटलं नसतं.

"आई, ते बंद कर."

"अन्नशुद्धीशिवाय पान वाढणार नाही मी. हवं तर थेंबावर आणते." तिनं पळी तुपाच्या भांड्यात ठेवली. "मी पळी सोडते, तू ते डबे सोड. त्या पावानं तुझं तोंड बघ कसं झालंय. लग्नात लोक मला विचारतील, मुलाला काय घालतेस म्हणून."

"मग बेरीज कशी करू?"

"कचेरीत कर."

मी कबूल झालो. लग्नाला थोडेच आठवडे उरले होते, दुसरा उपाय माझ्याकडं नव्हता.

त्या दिवसांतलं जेवण मला आजही एकेक आठवतं. सकाळी रात्रीचा पाण्यात भिजवलेला भात, हातानं कुस्करून, वर पातळ ताक आणि एक वाळवलेली मिरची. डब्यात मूठभर भात आणि बाकी सगळी भाजी. तांदूळ तिरुवैयारूहून यायचा, आईच्या माहेरच्या बाजूला अजून कोणी हातानं सडलेला लाल तांदूळ विकायचं. कधी अगत्तीचा, म्हणजे हादग्याचा, पाला, कधी घोसाळं, कधी कुळथाचं सार. आणि आठवड्यातून तीनदा वाळत्तंडू, म्हणजे केळीच्या खांबाच्या आतला पांढरा दांडा. तो चिरताना मधून कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू निघतात, ते बोटाला गुंडाळून काढावे लागतात. आई आणि बायको ते काम करत मागल्या दारी बसायच्या. आईचा नियम एकच होता: आधी पानावर भाजी, जागा उरली तर भात. चार वाजता बिस्किटांऐवजी पेरू किंवा उकडलेल्या शेंगा.

पहिला आठवडा मला फार अवघड गेला. भुकेनं नव्हे, दिवसाचा आकडा नव्हता म्हणून. कॅलेंडरचं पान फाडायचो आणि कोरंच टाकून द्यायचो. दुसऱ्या आठवड्यात एक दिवस कचेरीत मान वर केली तर दीड वाजला होता. अकरा कधी वाजून गेले ते मला कळलं नव्हतं.

आश्चर्य बहिणीचं होतं. वाळत्तंडू तिला लहानपणापासून आवडत नसे, पानाच्या कडेला ढकलून वर पापड झाकायची. आता ती माझ्यासारखंच पान वाढून घ्यायची आणि मुकाट्यानं संपवायची. "लग्नाळू मुलीनं असं खाऊ नये," आई म्हणायची. "गालफडं बसतील."

"अण्णाला एकट्याला खायला लावतेस, बिचारा," ती म्हणायची.

मला वाटायचं, माझ्या सोबतीला खाते आहे. शिंप्याकडून आलेली पोलकी तिला सैल झाली आणि परत पाठवावी लागली. बायको चिडली, मी लक्ष दिलं नाही.

वाचणाऱ्यानं यातून झटकन निकाल काढू नये. मी त्याच सुमारास बसस्टँडवरून घरी चालत येऊ लागलो होतो. तूप सापडलं तेही मोजण्याच्या सवयीनंच सापडलं. कशाचं श्रेय किती, हे वेगळं काढायचा मी पुढं खूप प्रयत्न केला, जमलं नाही. एवढंच सांगतो की मोजत होतो तेव्हा दिवसभर खाण्याचाच विचार असायचा, आणि आईच्या हातचं जेवायला लागलो तेव्हा तो जेवण्यापुरता उरला.

लग्नाच्या आठवड्यात काट्यावर ब्याऐंशी किलो भरले. डॉक्टरांच्या हिशेबात एक किलो कमी पडत होता. घरी पाटावर बसून पाहिलं, मांडी पडली. गुडघा ओरडत होता पण दुमडला. आदल्या संध्याकाळी मोठे काका मांडवात आले. पिशवीतून सोवळं काढून दाखवत म्हणाले, "जमेल ना रे? नाही तर सांग, मी तयारीनं आलोय."

"जमेल," मी म्हणालो.

मुहूर्ताला मी पाटावर बसलो. बायको शेजारी. भटजी म्हणाले, मुलीला आणा. ती नऊवारी रेशमी लुगड्यात, गळ्यात माझ्या मनगटाएवढा जाड हार, दागिन्यांनी जड होऊन माझ्याकडं यायला लागली आणि तेव्हा, त्या क्षणी पहिल्यांदा, माझ्या ध्यानात आलं. पाच महिने मी माझं वजन मोजलं होतं. डॉक्टरांनीही माझंच सांगितलं होतं. या गुडघ्यावर तीही बसणार आहे, हे माझ्या एकाही बेरजेत नव्हतं. काका खांबाशी उभे होते, सोवळं नेसून.

ती वाकली, माझ्या खांद्याला धरून हळूच बसली. गुडघ्यातून कळ गेली, पण सहन होण्याजोगी. मला वाटलं होतं त्याहून ती फारच हलकी होती.

"घाबरू नको," ती हाराच्या आडून पुटपुटली. "सहा किलो उतरवलेत मी."

"कुठं मोजलंस?"

"मंडीत. दुसरीकडं कुठं तुझा विश्वास आहे? तो म्हणाला, पोतं भरत नाही." मग हार सारखा करत, "तुज काय वाटलं, मज वाळत्तंडू आवडायला लागला?"

नादस्वर आणि तविलचा ढोल एकदम जोरात वाजले, अक्षता पडल्या. मंगळसूत्राची गाठ पडताना मी तिचे खांदे धरून होतो. ती उठेपर्यंत मी हललो नाही. मग मला उठता येईना. एका बाजूनं बायकोनं हात दिला, दुसऱ्या बाजूनं कोणी दिला ते उठून उभा राहिल्यावर दिसलं. काका होते. सोवळ्याचा काठ सारखा करत ते मागं सरले.

दुपारच्या पंगतीत नवरा, ती आणि मी ओळीनं बसलो. मला स्टूल दिलं होतं, मांडीवरच्या ताटात पान. वाढपी बादली घेऊन आला, पहिलीच भाजी वाळत्तंडूची. माझ्या पानावर वाढली. तिच्यापुढं वाकला तशी तिनं पानावर दोन्ही हात आडवे धरले.

"नको," ती म्हणाली. "आता नको."