ताईच्या पेशी चिकटत नाहीत

माझ्या ताईने आयुष्यभर लोकांच्या रक्तावर संशय घेतला. हे मी रागाने बोलत नाही, तिची नोकरीच तशी होती. एका मोठ्या दवाखान्यात, रक्ततपासणीच्या खोलीत, एकतीस वर्षं ती सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसली. तिथं तिला हवालदार म्हणायचे, अर्थात पाठीमागे. नळीवरच्या चिठ्ठीत नाव एक आणि कागदावर दुसरं दिसलं, की नळी परत. तारीख पुसट असली तरी परत. मोठे डॉक्टर स्वतः हातात घेऊन आले तरी परत. चिठ्ठी खोटी असेल तर आतलं रक्त खरं असून मी काय करू, असं तिचं म्हणणं. आमच्या आईची नळीसुद्धा तिने अशीच परत पाठवली होती, नर्सने खाटेचा नंबर चुकवला म्हणून. आईला दुसऱ्या हाताला पुन्हा टोचलं. तो काळानिळा डाग मी पाहिलाय आणि ताईला त्याबद्दल अजून माफ केलेलं नाही.

घरीही तीच तऱ्हा. विजेचा मीटर बघायला माणूस आला, तर दाराच्या फटीतून आधी ओळखपत्र मागायची आणि मग फोटो नि चेहरा आळीपाळीने बघत बसायची. तरुणपणी लग्नाचं विचारणारे एक-दोघे होते. त्यांची तिने इतकी चौकशी केली की बिचाऱ्यांनी काढता पाय घेतला. नोकरीची दोन वर्षं शिल्लक असताना एक दिवस ती घरी बसली ती बसलीच. का म्हणून विचारलं तर म्हणे, कंटाळा आला. ताईला आणि कंटाळा! मला तेव्हाच वाटलं, पाणी कुठंतरी मुरतंय. पण ती कसली ताकास तूर लागू देते.

घरात बसून सगळ्या गल्लीवर संशय घेईल, म्हणून माझ्या लेकीने तिला कॉम्प्युटरवर एक खेळ घालून दिला. मावशी, तुझ्याच कामाचा आहे, म्हणाली. तुम्ही म्हणजे पाण्यातली एक पेशी. पोहायचं, साखरेचे कण खायचे, वाढायचं. पिढ्या सरकतात तसं पेशीला कधी शेपूट लावता येतं, कधी विषाची पिशवी. मग एक असा भाग मिळतो की पेशी चिकट होते. तेव्हा आपल्याच जातीची पेशी शोधायची, तिला जाऊन भिडायचं, की ती चिकटते. अशा पाच-सहा चिकटल्या की झाली वसाहत. एकीने खाल्लेलं सगळ्यांना पोचतं आणि मोठा परका आला तरी त्याला गिळता येत नाही. पुढं त्या वसाहतीचाच प्राणी होतो. माझ्या लेकीचा प्राणी केव्हाच जमिनीवर येऊन चालायला लागला होता. ताई मात्र चार महिने पाण्यातच. एकटी पेशी घेऊन फिरायची आणि कोणीतरी येऊन तिला गिळायचं.

लेकीने कारण विचारलं, तर ताईने फोनवर तिला अर्धा तास शिकवलं. चिकटलेल्या पेशी म्हणजे बिघडलेला नमुना. नळी नीट हलवली नाही की पेशी एकमेकींना चिकटतात, यंत्र पाचांना एक मोजतं आणि धडधाकट माणूस आजारी ठरतो. त्यामुळे खेळात काही चिकटलं रे चिकटलं, की तिचं बोट आपोआप सोडवायच्या बटणावर जायचं. आम्ही मायलेकी पोट धरून हसलो. एकतीस वर्षांची सवय, जाणार कुठं?

आता माझं सांगते. मी शिवणकाम करते. नवीन नाही, दुरुस्तीचं. उसवलेलं शिवायचं, घट्ट झालेलं सैल करायचं. मी राहते ते घर मालकाने विकलं आणि महिनाअखेरीला खोली सोड म्हणाला. लेकीच्या एका खोलीत आधीच तिघं झोपतात. ताईकडे दोन खोल्या, त्यातली एक रिकामी. पण "मला ठेवून घे" म्हणायला जीभ रेटेना. मग फोनवर थाप मारली, घराला रंग देतायत, पंधरा दिवस येऊ का. बघू, म्हणाली. नंतर दोनदा विचारलं, दोन्ही वेळा बघू. इकडे दिवस आठच उरले.

शेवटी रविवारी दुपारी संत्री घेतली आणि गेले. दार फटीएवढं उघडलं. मी समोर उभी, तरी ही विचारते, कोण. मी बोलले तेव्हा साखळी निघाली. संत्री कशाला आणलीस म्हणून विचारलं. खायला, म्हटलं. आजच का, म्हणाली. आता याला काय उत्तर देणार, सांगा.

ती खेळायला बसली, मी शेजारी. पडद्यावरची नजर न काढता तिने विचारलं, रंग कुठला देतायत. मी म्हटलं, क्रीम.

"तुझ्या मालकाला मी फोन केला होता," ती म्हणाली. "रंगाचं नवा मालक बघेल, म्हणाला."

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. सख्ख्या बहिणीची चौकशी करते! तोंडाला येईल ते बोलले. आईलाही परत पाठवलंस, आता मला पाठव, असंही बोलले. तिचा हात क्षणभर थांबला, मग पुन्हा बटणांवर चालू लागला. खरं तर मी तेव्हाच उठायला हवं होतं. पण उठून जाणार कुठं? तशीच बसले, रागाने संत्रं सोललं आणि पडद्याकडे बघत राहिले.

ताईच्या जातीच्या पेशी फिकट जांभळ्या होत्या, परक्या राखाडी. मी दिवसभर कापडाला दोऱ्याचा रंग जुळवते, मला तो फरक खोलीच्या त्या टोकावरूनही दिसला असता. एक जांभळी येऊन चिकटली, ताईने सोडवली. दुसरी चिकटली, तीही सोडवली. बिघडलेला नमुना, मी मनात म्हटलं. पण मग ती तिसऱ्या जांभळीला बघून पळाली आणि थेट राखाडीच्या तोंडात जाऊन पडली. नवीन पेशी घेतली, पुन्हा तेच.

आता संशय माझ्या मनात शिरला. मुद्दाम सोडवणाऱ्याला निदान आपलं कोण, परकं कोण एवढं तरी कळायला नको? मी ताईकडे नीट पाहिलं. खुर्ची पडद्याला जवळजवळ टेकलेली. भिंतीवर नवं घड्याळ, ताटाएवढं. संत्र्याच्या फोडीसाठी तिने टेबलावर हात फिरवला, आणि फोडी तिच्या समोरच होत्या.

"ताई, डावीकडची ती आपली की परकी?"

"आपली."

"परकी आहे. आणि उजवीकडची?"

"उजवीकडे कोण आहे? कोणी नाही," ती म्हणाली.

उजवीकडे दोन जांभळ्या होत्या. मी गप्प राहिले. माझ्या गप्प राहण्यावरूनच तिला कळलं असावं. तिने बटणांवरून हात काढून मांडीवर ठेवले, आणि तिच्या पेशीला कोणीतरी गिळलं.

मग तिने सांगितलं, पडद्याकडेच बघत. नोकरी कंटाळून सोडली नव्हती. एका बाईच्या रक्ताचा गट तिने चुकीचा लिहिला होता. काचेवर थेंब टाकतात, त्यात गुठळ्या झाल्या की एक गट, नाही झाल्या की दुसरा. "काचेवर गुठळ्या होत्या. मला दिसल्या नाहीत," ती म्हणाली. दुसऱ्या तपासणीत चूक सापडली, बाई वाचली. ताईने दुसऱ्याच दिवशी राजीनामा दिला आणि कारण कोणालाही सांगितलं नाही. आणि मी राहायला आले तर चार दिवसांत ओळखीन, लेकीला सांगेन, मग आम्ही दोघी मिळून तिला तिच्याच घरातून उचलून कुठंतरी नेऊन ठेवू, असं सगळं तिने मनात धरलं होतं. म्हणून फोनवर ते "बघू, बघू".

मला इतकं वाईट वाटलं की रडूच आलं, आणि रडताना रागही आला. मग मीही खरं ते सांगून टाकलं. रंग नाही, पंधरा दिवस नाहीत, मला जायला जागा नाही, आले तर बहुतेक कायमची येईन.

"लेकीला सांगशील?"

"सांगेन. आणि डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेईन, हेही आत्ताच सांगते," मी म्हटलं.

तिने हात पुन्हा बटणांवर ठेवले. मग नवी पेशी घेतली आणि म्हणाली, डावीकडे कोण आहे ते सांग. मी सांगत गेले, ती पोहत गेली. एक चिकटली. तिचं बोट सवयीने सोडवायच्या बटणावर गेलं, मी वरून हात ठेवला. दुसरी, तिसरी, अशा पाच झाल्या. एक राखाडी धूड आलं, दोनदा ढुशी देऊन निघून गेलं. गेलं का, तिने विचारलं. गेलं, म्हटलं. माझा शब्द तिने पडताळला नाही, हे आयुष्यात पहिल्यांदाच झालं.

निघताना दाराशी मी विचारलं, महिनाअखेरीला सामान आणू का.

"महिनाअखेर कशाला? उद्या ये," ती म्हणाली. मग साखळी हातात धरून जरा थांबली. "पण सकाळी ये. दुपारनंतर मला तुझा चेहरा दिसत नाही."