डाव्या कोनाड्यातलं काहीच नाही

"हरकत नोंदवा," असं म्हणून बाई उजव्या हाताचं पहिलं बोट वर करायच्या, आणि हरकत नोंदवून झाली की त्याच हाताने प्रसादाचा शिरा घ्यायच्या.

आमच्या सोसायटीत दर चतुर्थीला पार्किंगमध्ये आरती होई. आरती चालू असताना बाई जिन्याच्या पायरीवर बसून पेपर वाचत. शेवटची टाळी वाजली की पेपराची घडी, आणि द्रोणासाठी हात पुढे. एकदा चेअरमनना राहवलं नाही. "मॅडम, देव मानत नाही म्हणता, मग प्रसाद कसा चालतो?"

"शिरा मानते की," बाई म्हणाल्या. "आज बेदाणे कमी आहेत. तेही नोंदवा."

हे सगळं नोंदवायचं काम माझं. मी वारज्यातल्या त्या सोसायटीचा मॅनेजर. पाण्याचा टँकर मागवायचा, लिफ्टवाल्याला फोन करायचे, मीटिंगचं इतिवृत्त लिहायचं आणि गच्चीवरच्या खोलीत राहायचं, अशी ती नोकरी. यवतमाळकडच्या एका लहान गावातून बी.कॉम. होऊन मी पुण्यात आलो होतो. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेज पाहिलं नव्हतं, म्हणून पदवीचं प्रमाणपत्र फ्रेम करून मी ऑफिसात टेबलामागे लावलं होतं. येणारे-जाणारे भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत. बाई पहिल्या दिवशी आत आल्या, कपाळावरचा चष्मा खाली घेतला आणि ते प्रमाणपत्र वरपासून सहीपर्यंत वाचलं.

"अभिनंदन," त्या म्हणाल्या. "घरी फोटो पाठवलात का? पाठवा. आणि अहो, तिसऱ्या मजल्यावर पाइप गळतोय."

त्याआधी मला आयुष्यात कोणी 'अहो' म्हटलं नव्हतं. पाइप मी त्याच दुपारी दुरुस्त करून घेतला.

बाई टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या. यजमान जाऊन बरीच वर्षं झाली होती. तिसऱ्या मजल्यावर एकट्याच राहत. अशी माणसं तुमच्याही इमारतीत असतील. त्यांची भीती वाटते, आणि चार दिवस दिसली नाहीत की चैन पडत नाही.

तर, आमच्या इमारतीत शिरलं की समोर लिफ्ट, आणि लिफ्टच्या दोन्ही बाजूंना भिंतीत एकेक कोनाडा. बिल्डरने ते कुंड्यांसाठी केले होते. झाडं मेली, कुंड्या कोणी नेल्या कळलं नाही, कोनाडे राहिले. एका मीटिंगमध्ये चेअरमननी सुचवलं, उजव्या कोनाड्यात गणपती बसवू या. सगळ्यांनी माना डोलावल्या. बाईंचं बोट वर गेलं.

"ती जागा सगळ्यांची आहे. ज्यांना देव हवा त्यांची, आणि ज्यांना नको त्यांचीही."

"पण नको म्हणणाऱ्या तुम्ही एकट्याच ना, मॅडम?"

"एकटीच. म्हणून तर बोलावं लागतं. तुम्हाला कुठे बोलावं लागतं? तुमच्यासाठी सगळे डोलतात."

दुसऱ्या मजल्यावर एक प्राध्यापक राहत. ते बौद्ध, आणि असल्या चर्चेत सहसा गप्प. चेअरमन जरा गडबडून त्यांच्याकडे वळले. "सर, तुमची काही हरकत?"

"हा प्रश्न मला या इमारतीत पहिल्यांदाच विचारला गेलाय," सर म्हणाले. "आधी त्याचा आनंद तर घेऊ द्या."

सगळे खळखळून हसले. सर थोडे कमी हसले.

मग बाईंनी तोड काढली. "बसवा तुमचा गणपती. कोनाडे दोन आहेत. उजवा तुमचा, डावा आमचा."

"तुमचा? त्यात तुम्ही काय बसवणार?"

"काही नाही."

"काही नाही म्हणजे?"

"काही नाही म्हणजे काहीच नाही. तेच तिथे बसवायचं. आणि एकदा बसवलं की हलवायचं नाही."

टीव्हीवर क्रिकेटची मॅच सुरू व्हायची होती. चेअरमननी घड्याळाकडे पाहिलं आणि मंजूर म्हणून टाकलं. मी मन लावून लिहिलं : 'उजव्या कोनाड्यात श्रीगणेशाची स्थापना करण्यात यावी. डाव्या कोनाड्यात काहीही नसावे व ते कायम तसेच राहावे.' मी ते वाचून दाखवलं तेव्हा प्राध्यापकांनी टाळ्या वाजवल्या.

स्थापनेच्या दिवशी गुरुजी आले, मोदक झाले. बाई इस्त्रीची साडी नेसून खाली आल्या, ओल्या फडक्याने डावा कोनाडा पुसला, "झालं आमचं," म्हणाल्या आणि मोदकांच्या ताटाकडे वळल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी डाव्या कोनाड्यात हळद-कुंकू होतं.

"हे कोणी केलं?" बाईंनी मला विचारलं. मला काय ठाऊक? त्यांनी पुसून टाकलं. त्याच्या दुसऱ्या दिवशी कुंकवाशेजारी झेंडूचं फूल. तेही त्यांनी उचललं. मग त्या रोजच सकाळी लवकर अंघोळ उरकून, ओला फडका घेऊन खाली येऊ लागल्या. पुसायच्या आणि एक अक्षर न बोलता वर जायच्या. बोलत नसत, कारण त्यांचा चहा व्हायचा असे. पण बघणाऱ्याला काय दिसणार? एक बाई, रोज, न चुकता, न्हाऊन-धुऊन, मौन धरून.

आमचा वॉचमन लोणी काळभोरचा. दूधवाल्याला तो सांगत होता, "लई कडक हाय बाईंचं. तोंडात पान्याचा थेंब घेत न्हाईत आधी."

"पण देव कोणता?"

"दिसत न्हाई. म्हनून तर जागृत हाय."

झालं. शेजारच्या इमारतींतली माणसं कामावर जाता जाता डोकावू लागली. परीक्षेच्या दिवसांत मुलं चपला काढून उभी राहू लागली. एक दिवस समोरच्या इमारतीतला आयटीतला मुलगा पेढे घेऊन बाईंच्या दारात. टॅपच्या वॉशरबद्दल विचारायला मी तिथेच होतो.

"काकू, ॲक्च्युअली माझा इंटरव्ह्यू क्लिअर झाला. जाताना मी तुमच्या इथे हात जोडून गेलो होतो."

"तयारी केली होतीत?"

"हो, म्हणजे दोन महिने झोपलोच नाही."

"मग हे पेढे तुमचे तुम्हीच खा," बाई म्हणाल्या. तो इतका हिरमुसला, की त्यांनी एक पेढा घेतला, अर्धा मला दिला आणि दार लावून घेतल्यावर म्हणाल्या, "जन्मभर मी देव नको म्हणत आले आणि म्हातारपणी एक नवा काढून बसले. याची तक्रार करायची कुणाकडे?"

मग त्यांनी पाटी रंगवून आणली. डाव्या कोनाड्याच्या वर ती लागली : 'येथे कोणीही नाही. उगाच हाक मारू नये.' लोक थांबून वाचत, फोटो काढत. पण दसऱ्याला आपण गाडीला, शिलाई मशीनला, मीटरच्या पेटीलाही हार घालतो. त्या दिवशी पाटीलाही हार पडला, आणि 'नाही'वर गंधाचा टिळा.

बाई रागावल्या आणि त्यांनी शेवटचा उपाय केला. वरून एक जोड कोल्हापुरी चपला आणल्या. जुन्या, टाचा झिजलेल्या, पुरुषाच्या. डाव्या कोनाड्यात नीट मांडल्या. "आता बघते कोण कुंकू लावतं," म्हणाल्या.

सकाळी त्या खाली आल्या तेव्हा मी आधीच तिथे होतो. वर जाऊन त्यांना थोपवावं, की आधी सगळं आवरावं, हे मला ठरवता येत नव्हतं. चपलांवर दोन ताजी जास्वंदीची फुलं होती. समोर छोटीशी रांगोळी. वॉचमन टोपी काढून उभा.

"पादुका हायेत," तो मला हळूच म्हणाला.

बाई बघतच राहिल्या. मग त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडताहेत. जवळ गेलो तर त्या हसत होत्या. इतक्या, की त्यांना जिन्याच्या पायरीवर बसावं लागलं.

"अहो, हा माणूस स्वतःच्या लग्नात होमाला बसला नाही! रजिस्टर लग्न केलं आम्ही. सासरे वर्षभर बोलले नाहीत. देवळाच्या दारात पायसुद्धा ठेवला नाही त्याने, आणि आता त्याच्या चपलांना जास्वंद!"

पदराने त्या डोळे पुसत होत्या. हसणं थांबलं तरी पुसणं चालूच राहिलं. मग उठल्या, फुलं उचलून वॉचमनच्या हातावर ठेवली, आणि चपला छातीशी धरून "चला घरी," म्हणाल्या. ते वॉचमनला नव्हतं आणि मलाही नव्हतं.

पुढच्या मीटिंगमध्ये चेअरमननी मोठ्या आनंदाने ठराव मांडला. डाव्या बाजूलाही आता माणसं येतात, तर तिथेही संगमरवर लावू, समई ठेवू, आणि पहिला दिवा मॅडमच्याच हस्ते. सगळे कौतुकाने बाईंकडे वळले. त्यांना मनापासून वाटत होतं की बाईंना हे आवडेल.

बाईंनी बोट वर केलं नाही. त्या बसूनच बोलल्या.

"तुमचा गणपती मला हलवायचा नाही. सुबक आहे. पण मी लिफ्टपाशी उभी राहिले की तुम्ही माझ्या हातांकडे बघता. जोडले की नाही? रोज बघता. तुम्ही वाईट नाही, सवय आहे ती. बँकेत जा, दवाखान्यात जा, रिक्षात बसा, सगळीकडे कुणीतरी काहीतरी बसवलेलं असतं आणि कुणीतरी बघत असतं. इथे मला हातभर जागा मिळाली होती. तिच्यासमोर माझे हात नुसते खाली असले तरी चालायचं. ती तुम्ही फुलांनी भरलीत. तीही प्रेमाने, म्हणून भांडताही येत नाही."

मी देव मानणारा माणूस आहे, आजही गुरुवारी पोथी वाचतो. पण लिफ्टपाशी आपल्या हातांकडे कोणी बघतं, हे मला कधी जाणवलं नव्हतं. माझे नेहमी जोडलेलेच असत.

पहिल्या मजल्यावरच्या वहिनी उठून उभ्या राहिल्या. मोठ्या आवाजाच्या, दर सणाला सगळ्या इमारतीला पुरणपोळ्या वाटणाऱ्या. आज आवाज निम्म्यावर आला होता.

"काकू, कुंकू मी लावत होते. जास्वंदही माझीच."

"तू?"

"एका बाजूला दिवा आणि एका बाजूला अंधार. बघवायचं नाही मला. वाटायचं, काकूंच्या बाजूला कोणी नाही."

"मग विचारायचंस."

"तुम्ही सांगायचंत!"

"पाटी लावली होती की मी!"

"वाचली ना. मला वाटलं, रागावल्यात."

इतकं हसू फुटलं, की खालच्या मजल्यावरून कोणीतरी काय झालं म्हणून ओरडलं. हसणं ओसरल्यावर बाई वहिनींना म्हणाल्या, "अगं, तो अंधार नाही. रिकामं आहे नुसतं."

"रिकामं तरी कसं बघवतं, काकू?"

"होते सवय. मलाही झाली."

वहिनी पटकन खाली बसल्या. चेअरमननी संगमरवराचा कागद घडी करून खिशात घातला.

त्या दिवसापासून डाव्या कोनाड्याला एक पहारेकरीण मिळाली. कोणी फूल घेऊन त्या दिशेला वळलं, की पहिल्या मजल्याच्या जिन्यातून वहिनींचा आवाज यायचा, "अहो ताई, तिकडे! उजवीकडे! इथे काकूंचं आहे. हो, काहीच नाही, तेच आहे. धक्का लावू नका त्याला!"

"तुझ्यामुळे याचं तीर्थक्षेत्र होणार आहे," बाई म्हणायच्या.

"तुम्ही गप्प बसा. चकल्या तळल्यात, घेऊन जा."

मागच्या हिवाळ्यात बाई गेल्या, झोपेतच. देहदानाचे कागद त्यांनी आधीच भरून ठेवले होते, आणि कोणतेही विधी करू नयेत असं बजावलं होतं. मेडिकल कॉलेजची गाडी आली. आम्ही सगळे खाली जमलो, पण काय करायचं असतं हेच कोणाला कळेना. सवयीने चेअरमनच्या तोंडून श्लोक सुरू झाला, दुसऱ्या शब्दाला त्यांच्या लक्षात आलं, ते घुटमळले आणि म्हणाले, "म्हणजे... या, मॅडम." वहिनी रडत होत्या, त्यातच त्यांना हसू आलं.

आठवड्याने चेअरमन एक मोठी फ्रेम घेऊन आले. बाईंचा फोटो, वर चंदनाचा हार. एका हातात हातोडी. त्यांनाही बाईंवाचून करमत नव्हतं. मीटिंगा आता लवकर संपत होत्या. डाव्या कोनाड्यासमोर ते उभे राहिले, तोच कणकेच्या हातांनी वहिनी धावत खाली आल्या.

"खाली घ्या ते."

"अहो वहिनी, आठवण म्हणून..."

"डाव्यात काही ठेवायचं नाही."

"पण आता हरकत घ्यायला त्या आहेत कुठे?"

"नाहीत म्हणूनच ठेवायचं नाही. द्या इकडे. माझ्या टीव्हीवर लावते. हार काढा."

चेअरमननी हार काढला आणि तो हातात धरून बराच वेळ उभे राहिले. शेवटी त्यांनी तो गणपतीला घातला.

या उन्हाळ्यात माझी आई पहिल्यांदा पुण्याला आली. दारातून आत आल्या आल्या तिने चपला काढल्या, डोक्यावर पदर घेतला आणि गणपतीला हात जोडले. मग डावीकडे वळली. हात अर्धे जुळले होते.

"इथं कोनता देव हाये रे?"

"कोणताच नाही, आई. रिकामं ठेवायचं ठरलंय."

"काऊन?"

"एक बाई राहायच्या वर. त्यांना हात जोडायचे नव्हते."

आईने कोनाड्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मंग राहू दे," ती म्हणाली. जुळत आलेले हात तिने सोडून दिले, आणि लिफ्ट येईपर्यंत ती तिथेच उभी राहिली, हात नुसते खाली ठेवून.