काचेवरची पेन्सिल

चार माणसं जमली की माझ्यातला नट जागा होतो. त्या दिवशी तर आठ जमली होती.

माझ्या मित्राचा कोल्हापुरात फोटो स्टुडिओ आहे, आजोबांपासूनचा. दुसऱ्या महायुद्धावर निघालेले शिपाई गाडी पकडण्याआधी तिथं फोटो काढून घ्यायचे. त्यांच्या काचेच्या निगेटिव्ह माळ्यावर पेट्यांत पडून होत्या. आम्ही दोघं त्या साफ करून, पुन्हा छापून घरच्यांना देत होतो. मित्राची एकच ताकीद होती: चकचकीत बाजू पुसायची, मंद बाजूला हात लावायचा नाही. चित्र त्या बाजूला असतं.

त्या दिवशी शिपायांच्या घरची माणसं आली होती. मित्र आत होता, म्हणजे रंगमंच माझाच. "बघा मंडळी, ऐंशी वर्षांची धूळ!" म्हणत मी एका काचेच्या मंद बाजूवर, थेट चेहऱ्यावरून, स्पिरिटचा बोळा फिरवला. बोळा काळा झाला. टाळ्या पडल्या. मी वाकून मुजरासुद्धा केला.

मित्र बाहेर आला. त्यानं बोळा बोटावर घासून बघितला आणि मला आत ओढलं. "धूळ न्हाय गाढवा, पेन्सिल हाय ही! आज्ज्यानं रिटच केलतं."

प्रिंट निघाली. शिपायाचे दोन्ही गाल देवीच्या व्रणांनी भरलेले. आजोबांनी एकेक खड्डा पेन्सिलीनं बुजवला होता. मी ते सगळे दोन मिनिटांत उघडे पाडले.

त्याच शिपायाची मुलगी बाहेर बसली होती, जयसिंगपूरजवळच्या खेड्यातून आलेली, ऐंशी ओलांडलेली. बाप लढाईवर गेला तेव्हा ती आईच्या पोटात होती आणि तो परत आलाच नाही. घरातला त्याचा एकुलता एक फोटो महापुरात गेला होता.

"ह्यो माझा बा न्हवं," ती प्रिंट बघून म्हणाली. "बाचं गाल कसं गुळगुळीत हुतं. ह्ये कसलं डाग?"

खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. "मावशी, काचेला पुराचं पाणी लागलं," मी म्हणालो. पाणी त्या माळ्याच्या आसपासही गेलं नव्हतं. मग मित्रानं कॉम्प्युटरवर व्रण पुसून दुसरी प्रिंट काढली.

तिनं ती छातीशी धरली आणि उलट माझीच समजूत काढली. "पाण्याफुडं कुणाचं चालतंय, लेकरा?" जाता जाता हसली. "आई म्हणायची, तुझ्या बाचा गाल हाताला टाकी लावलेल्या जात्यावानी खडबडीत लागायचा. दाढीचा कटाळा असंल!"

सगळे हसले. मीही हसलो. सगळ्यांत मोठ्यानं.

चार दिवस अन्न गोड लागलं नाही. पाचव्या दिवशी व्रणांची प्रिंट घेऊन तिच्या घरी गेलो. वाटेत एसटीत माफीचं भाषण तयार केलं होतं, त्यात दोन विनोदही होते. तिच्यासमोर मात्र कसंबसं खरं तेवढं सांगून झालं.

ती प्रिंट घेऊन उंबऱ्यात, उजेडात गेली. त्या गालांवरून बराच वेळ तळवा फिरवत राहिली.

"आई खरं बोलत हुती," ती म्हणाली. मग माझ्याकडं वळली. "तुमी का खोटं बोललासा, पावणं?"

तिनं भिंतीवरचा गुळगुळीत फोटो उतरवला आणि माझ्या हातात दिला.

"ह्यो न्या माघारी. ह्यो तुमचा हाय."

तो फोटो काखेत धरून मी फाट्यावर एसटीची वाट बघत उभा राहिलो. शेजारच्या माणसानं विचारलं, कोण हे? आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडं सांगायला गोष्ट नव्हती.